तिसरा आग्रह

विभावरी कर्णिकचा घसा गेली बावीस वर्षं बसलेला होता. म्हणजे एरवी तो ठणठणीत असे. सकाळी कुकरच्या शिट्टीवर मात करून ती आतल्या खोलीतल्या नवऱ्याला हाक मारी, ती खालच्या मजल्यावरच्या केरळी कुटुंबालाही ऐकू जाई. पण मंडळाच्या कार्यक्रमात कोणी “विभाताई, आता तुमचं एक होऊन जाऊ दे” म्हटलं, की तो घसा हमखास बसे.

मराठी माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. पानात जिलबी वाढतानासुद्धा आपल्याकडे पहिल्या “नको”ला कोणी भीक घालत नाही. दुबईतल्या त्या मराठी मंडळात तर या नकाराची रीतच ठरून गेली होती. मंडळाचे सेक्रेटरी धनंजय राऊत पहिल्यांदा विचारत, तेव्हा विभावरीचा घसा बसलेला असे. दुसऱ्यांदा विचारलं की ती म्हणे, “नव्या मुलींना संधी द्या हो, किती दिवस आम्हीच?” मग राऊत माइकवरून सगळ्या हॉलला साक्षीला घेत, चारदोन बायका तिचा हात धरून तिला उठवत, आणि तिसऱ्या आग्रहाला ती पदर सावरत स्टेजवर जाई. गंमत म्हणजे तेव्हा छापील कार्यक्रमपत्रिकेत सातव्या नंबरावर तिचं नाव आणि गाणं दोन्ही आलेलं असे. ती पत्रिका ती स्वतःच तपासून देई. तरी घसा बसायचा तो बसायचाच.

ही सवय तिच्या आईची. मिरजेच्या त्या माउलीचं म्हणणं असं, की गाणाऱ्या बाईने आपणहून पुढे होऊ नये. लोकांनी ओढून न्यावं, त्यात तिची शोभा. आई गेली, मिरज सुटलं. नवऱ्याला, सदानंदला, एका बांधकाम कंपनीत नोकरी लागली आणि त्याच्या मागोमाग ती दुबईला आली, त्याला सत्तावीस वर्षं झाली. मुलगी इरा इथेच जन्मली, इथेच शिकली, आणि आता दुबई मरीनातल्या एका ऑफिसात नोकरी करते. ऊद मेथा या भागातल्या त्याच दोन खोल्यांच्या घरात विभावरी गाण्याचा क्लास घेत राहिली. एवढ्या वर्षांत हे शहर आडवं वाढलं, उभं वाढलं, तिच्या खिडकीतून दिसणारं आभाळ निम्मं झालं. आणि या शहरात आपलं म्हणून काय राहणार, असा विचार तिच्या मनात अधूनमधून येऊ लागला, कारण सदानंदच्या निवृत्तीला आता वर्षही उरलं नव्हतं. नोकरी संपली की व्हिजा संपतो. मग पुणे. सत्तावीस वर्षं जिथे राहिलो, तिथे आपण होतो याची खूण काय, तर दर दोन-तीन वर्षांनी बदलून मिळालेली ओळखपत्रं, आणि तीसुद्धा परत करायची.

ही खूण मिळायची संधी तिच्याकडे चालत आली होती, एका दिवाळी पहाटेला. ती तिने कशी घालवली, तेच सांगायचं आहे.

त्या वर्षी अमिरातीने एका आंतरराष्ट्रीय गाण्याच्या स्पर्धेत भाग घ्यायचं ठरवलं होतं. सतरा देश, प्रत्येकाचं एक नवं गाणं, आणि दूर उत्तरेकडच्या एका थंड शहरात अंतिम फेरी. मुख्य गायिका इमाराती, म्हणजे मूळची इथलीच मुलगी होती. पण गाणं बसवणाऱ्या बाईंच्या डोक्यात असं आलं, की तिच्या मागे उभ्या राहणाऱ्या पाच बायका या देशात राहणाऱ्या पाच निरनिराळ्या समाजांतल्या असाव्यात. या बाई म्हणजे रीमा, मूळच्या बैरुतच्या. फिलिपिनो नर्सांच्या चर्चमध्ये जा, इथिओपियन बायकांच्या जेवणावळीला जा, असं करत त्या आवाज शोधत फिरत होत्या. राऊतांच्या ऑफिसातल्या कोणाच्या ओळखीने त्या मंडळाच्या दिवाळी पहाटेला येऊन मागच्या रांगेत बसल्या.

विभावरी त्या दिवशी रीतीप्रमाणे तिसऱ्या आग्रहाला उठली आणि रीतीप्रमाणे सुंदर गायली. तिचा आवाज खालचा, भरदार. बायकांत असा आवाज क्वचित सापडतो. वरच्या सुरांना टाळ्या मिळतात, पण ती खाली उतरली की हॉलमध्ये चिवड्याच्या पुड्यांची कुरकुर थांबते, हे तिला स्वतःलाही पक्कं ठाऊक होतं. बोलून दाखवत नसे, एवढंच.

कार्यक्रमानंतर हॉलबाहेरच्या पॅसेजमध्ये चहा चालला होता. रीमाबाई सरळ तिच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी सगळं दोन मिनिटांत सांगितलं: कोणती स्पर्धा, किती सराव, कधी निघायचं. आपल्याला खालची ओळ, म्हणजे मुख्य सुराखालची खर्जातली साथ, गाणारी बाई हवी आहे, महिनाभर शोधतेय, आज सापडली, असंही त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, “विल यू कम विथ अस?”

आनंद तोंडावर दिसू नये म्हणून विभावरीने घाईघाईने नेहमीचं वाक्य पुढे केलं.

“नो, नो. माय थ्रोट इज नॉट गुड दीज डेज. यू टेक नूरजहाँ. शी सिंग्ज बेटर दॅन मी.”

एवढं म्हणून ती थांबली. आता समोरच्याने “छे, असं कसं” म्हणायची पाळी होती.

रीमाबाईंनी दोन क्षण तिच्याकडे पाहिलं. मग छातीवर हात ठेवून मान लववली, आभार मानले, आणि नूरजहाँ कोण ते विचारलं. हीच बाई तुम्हाला घरी कॉफी पाजताना तीनदा आग्रह करील, तुम्ही पेला हलवून नको म्हणेपर्यंत ओतत राहील. पण कामाचा प्रश्न ती एकदाच विचारते. नाही म्हणणाऱ्या बाईला गळ घालणं तिच्या धंद्यात असभ्य समजलं जातं. हे विभावरीला फार नंतर कळलं. त्या क्षणी तिला एवढंच दिसलं की रीमाबाई पाठमोऱ्या झाल्या आहेत आणि खांबापाशी उभ्या असलेल्या नूरजहाँकडे चालल्या आहेत.

नूरजहाँ ही तिचीच शिष्या. दापोलीकडची, पस्तिशीची, करामा भागातल्या एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसणारी. नवरा खैरुद्दीन अल ऐन शहरात नोकरीला, गुरुवारी रात्री घरी यायचा. सहा वर्षं ती क्लासला येत होती. आवाज गोड, पातळ, वरचा. तिच्या आईकडून आलेली लग्नातली गाणी ती अशी म्हणायची की ऐकणाऱ्याने हातातलं काम सोडावं. पण खालची ओळ धरणं हे तिचं काम नव्हे, हे विभावरीला माहीत होतं. माहीत असूनच तिने ते नाव घेतलं होतं, कारण ते नाव खरं ठरायचं नव्हतंच.

घरी आल्यावर तिने सदानंदला सांगितलं, तेही हसत हसत, दुसऱ्या कोणाचं काही झाल्यासारखं. इरा आली होती. ती फोनमधून मान वर करून म्हणाली, “वेट, यू वॉन्टेड टू गो?”

“इच्छेचा प्रश्न नाही गं.”

“आई, शी आस्क्ड यू. यू सेड नो. दॅट्स अ नो.” मग जरा मऊ होऊन म्हणाली, “कॉल हर. जस्ट से यू चेंज्ड युअर माइंड.”

रीमाबाईंचं कार्ड पर्समध्ये होतं. विभावरी म्हणाली, असं आपणहून सांगायचं नसतं. सदानंद वर्तमानपत्रामागून म्हणाला की जायचंच असेल तर फोन करायला हरकत काय, आणि नसेल तर खलास, विषय सोडा. या दोघांना काही म्हणजे काही कळत नाही, असं तिला वाटलं. खरं तर त्या दिवशी त्या घरात दोघांना कळत होतं आणि एकीला नाही.

मंगळवारी नूरजहाँचा फोन आला. आवाज घाबरलेला. “विभाताई, त्या मॅडमनी मला ऑडिशनला बुलाया है. पण त्यांनी आधी तुम्हाला विचारलं होतं ना? तुम्ही जाणार असाल तर मी नाही सांगते. माझं काय, मला तर खालचं येतही नाही.”

दाराशी आलेली संधी पुन्हा एकदा परत आली होती. विभावरीच्या डोळ्यांपुढे तो स्टेज आला, मागे तो झेंडा, आणि निवेदक देशाचं नाव घेतोय, म्हणजे आपलंच घेतोय. आणि तिच्या तोंडून निघालं, “छे गं, माझं काय वय आहे का आता? तू जा.”

ही दुसरी वेळ. आता तिसरी येईल, याची तिला खात्री होती. नूरजहाँ आपल्याच मंडळातली. पंधरा-वीस कार्यक्रमांत तिनेच इतर बायकांबरोबर विभावरीचा हात धरून तिला उठवलेलं होतं. रीमाबाईंना रीत ठाऊक नव्हती, हिला होती.

गुरुवारी नूरजहाँ क्लासला आली ती डब्यात सांदणं घेऊन. क्लास झाला, बाकीच्या मुली गेल्या. ती उगाच रेंगाळली. ऑडिशन झाल्याचं, पसंत पडल्याचं तिने सांगितलं. रीमा मॅडमला रविवारपर्यंत पक्कं कळवायचं आहे, म्हणाली. विभावरी पेटी पुसत बसली. पुसायचं काही नव्हतं. नूरजहाँने दाराशी जाऊन चपला घातल्या, कडीवर हात ठेवला आणि वळून तिच्याकडे पाहिलं. विभावरीनेही मान वर केली. दोघी एकमेकींकडे बघत होत्या, आणि विभावरीच्या ओठांवर “बरं बाई, तू एवढं म्हणतेच आहेस तर” हे वाक्य येऊन बसलेलंही होतं.

“बरं ताई, निघते,” नूरजहाँ म्हणाली आणि गेली.

त्यानंतरचे दोन महिने विभावरीने कसे काढले, ते तिचं तिला माहीत. नूरजहाँला खालची ओळ धरता येईना. सरावाला गेली की मुख्य सुराच्या मागे वाहून जाई. मग ती रेकॉर्डिंग घेऊन विभावरीकडेच येऊ लागली, आणि विभावरीने, दुसरं करणार काय, ती ओळ तिला शिकवली. रोज संध्याकाळी तासभर. अरबी शब्द मराठी अक्षरांत लिहून घेतले, कुठे श्वास घ्यायचा ते पेन्सिलीने दाखवलं. स्वतः गाऊन दाखवताना तिचा सूर आपोआप त्या जागी जाऊन बसे, कुलपात किल्ली बसावी तसा, आणि नूरजहाँ मान खाली घालून ऐके. पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना विभावरी तीच ओळ गुणगुणू लागली. सदानंदलासुद्धा ती पाठ झाली. एकदा तो अंघोळ करताना म्हणू लागला तेव्हा तिने बाहेरून दार वाजवून त्याला गप्प केलं, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडली.

तीन आठवड्यांनी नूरजहाँने सांगितलं की रीमा मॅडमनी ती ओळच बदलली. वर नेली, तिच्या आवाजाला झेपेल अशी.

“चांगलं झालं,” विभावरी म्हणाली. जुना कागद तिने टाकून दिला नाही, गाण्यांच्या वहीत ठेवला.

अंतिम फेरीच्या शनिवारी संध्याकाळी मंडळाच्या दहा-बारा बायका विभावरीच्याच घरी जमल्या, कारण तिच्याकडचा टीव्ही मोठा. खैरुद्दीन मुलीला, झाराला, घेऊन आला आणि पहिल्यांदाच या घरी येतोय म्हणून दारात अवघडून उभा राहिला. अमिरातीचं नाव पुकारलं गेलं. इमाराती मुलगी पुढे, मागे पाच जणी वाळूच्या रंगाच्या झग्यांत. डावीकडून दुसरी नूरजहाँ. झारा ओरडली, “दॅट्स माय मम्मा,” आणि खैरुद्दीनने रुमाल काढून डोळे टिपले. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

गाण्याच्या मध्ये एक जागा अशी होती, की सगळी वाद्यं थांबतात आणि फक्त त्या पाच जणींचे आवाज उरतात. ती जागा आली. छान झाली, सुरेल झाली. पण विभावरीला त्या आवाजांच्या खाली रिकामं ऐकू आलं. जेवढं रिकामं होतं, तेवढी ती स्वतः होती. सोफ्याच्या कडेला बसून, ओठ न हलवता, तिने ती जुनी ओळ घशातल्या घशात म्हटली. घसा उत्तम होता.

अमिरातीचा नंबर अकरावा आला. पहिल्यांदाच भाग घेतला त्या मानाने झकास, असं सगळ्यांचं मत पडलं. खालची ओळ असती तर आठवा आला असता का? कोण सांगणार. विभावरीला मात्र वाटत राहिलं की आला असता, आणि असं वाटतंय याचीही तिला लाज वाटली. निघताना एका बाईने विचारलंच, “काय हो, तुम्हाला पण विचारलं होतं म्हणे. का नाही गेलात?” तिने सांगितलं की आता एवढी दगदग जमत नाही.

मार्चात सदानंद निवृत्त झाला. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सामान जायचं होतं. घरभर खोकी. सत्तावीस वर्षांत माणूस किती डबे जमवतो, याचा सदानंद रोज नव्याने अचंबा करी. नूरजहाँ दवाखान्यातून सुट्टी घेऊन आवराआवरीला आली होती. दुपारी सदानंद बँकेच्या कामाला गेला तेव्हा दोघीच उरल्या.

शेवटी पेटी राहिली. विभावरी म्हणाली, “ही तू ने. पुण्याला माझी दुसरी आहे.”

“नको ताई.”

“अगं, विमानात तिचे हाल होतील. ने.”

“नको, खरंच नको.”

नेहमीचंच चाललंय असं समजून विभावरी हसली आणि पुढचा आग्रह करायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिला दिसलं की नूरजहाँचा चेहरा नेहमीचा नाही. ती एका खोक्याच्या कडेवर टेकली. बोटांनी चिकटपट्टीचं टोक उचलत, परत दाबत बसली.

“मी ती घेऊ शकत नाही,” ती म्हणाली. “आधी एक सांगायचंय. त्या गुरुवारी, मी सांदणं आणली होती तेव्हा. मी दरवाजात थांबले होते, आठवतं?”

विभावरीने मान डोलावली.

“मला माहीत होतं, ताई. दोनदा तुम्ही नाही म्हटलं होतं, एकदा मॅडमला, एकदा मला. तिसऱ्यांदा विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता. इतकी वर्षं बघतेय मी तुम्हाला. विचारायलाच आले होते. अम्मीची कसम, ठरवून आले होते.” तिने चिकटपट्टी सोडून दिली. “पण मला पण जायचं होतं. म्हणून नाही विचारलं.”

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टूं टूं आवाज येत राहिला. विभावरी जमिनीवर पेटीशेजारी बसली. तिला वाटलं होतं की राग येईल. तो आला नाही असं नाही, पण त्याचं धड काही होईना, कारण या पोरीने केलं काय होतं? तिला काहीतरी हवं होतं, आणि ते तिने घेतलं. पहिल्याच प्रश्नाला हो म्हणाली. विभावरीला हे सगळ्या जन्मात एकदाही जमलं नव्हतं. आणि दोघींपैकी खोटं कोण बोललं होतं, हेही तिला आता साफ दिसत होतं. नूरजहाँ फक्त गप्प राहिली होती.

आता “जाऊ दे गं, माझी इच्छाच नव्हती” म्हणणं अगदी सोपं होतं. वाक्य तयारच होतं, पाठ होतं. नूरजहाँच्या मनावरचं ओझंही उतरलं असतं, आणि विभावरीची शोभाही राहिली असती. तिने ते वाक्य गिळलं. मिरजेच्या आईची मनातल्या मनात क्षमा मागितली.

“मला जायचं होतं, नूर,” ती म्हणाली. “फार जायचं होतं.”

पाच महिन्यांत पहिल्यांदाच ती हे मोठ्याने बोलली होती. त्या पॅसेजमध्ये, चहाचा कप हातात असताना, एवढं एकच वाक्य पुरलं असतं. आता ते ऐकायला खोक्यांनी भरलेली खोली होती आणि जिच्यापुढे ते आधीच उघड होतं अशी एकटी नूरजहाँ. ती रडू लागली, आवाज न करता. विभावरीने तिला रडू दिलं, समजूत काढली नाही. समजूत काढण्याइतकं मन मोठं त्या दुपारी तिच्याकडे नव्हतं, आणि तसं दाखवायचंही नव्हतं.

बऱ्याच वेळाने तिने गाण्यांची वही उघडली, त्यातला पेन्सिलीच्या खुणांचा कागद काढला आणि पेटीच्या झाकणाखाली सरकवला. मग पेटी दोन्ही हातांनी नूरजहाँच्या पायांपर्यंत ढकलली.

“तिसऱ्यांदा सांगतेय,” ती म्हणाली. “ने.”